गोविंदरावांचा संसार

"रुमाल नीट धर गं, नवरदेवाचं नाक दिसतंय," आत्या म्हणाली.

मी रुमाल ताणून धरला. जेवणाच्या टेबलावर दोन पिंजरे तोंडाला तोंड लावून ठेवले होते. इकडच्यात गोविंदराव, तिकडच्यात इंदुमती, आणि मध्ये अंतरपाट म्हणून माझा इस्त्रीचा पांढरा रुमाल. आत्यानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. मुठीत अक्षता घेऊन ती मंगलाष्टकं म्हणत होती, आणि तीही चेष्टेवारी नव्हे, चांगली सुरात, एकही कडवं न गाळता. मला हसू आवरत नव्हतं. गोविंदराव मात्र गंभीर होते. त्यांच्या दोन्ही गालांत शेंगदाणे होते.

गोविंदराव म्हणजे माझा हॅमस्टर. गोल्डन हॅमस्टर म्हणतात त्यातला. मुठीत मावेल एवढा, पाठीवर सोनेरी, पोटाला पांढरा, शेपूट नावापुरतं. सांगलीला मी आत्याकडे राहून फार्मसी शिकत होते, तेव्हा हॉस्टेलवरची एक मैत्रीण शिक्षण अर्धवट सोडून गावी गेली आणि जाताना त्याला माझ्या गळ्यात मारून गेली. पिंजरा घेऊन मी घरात पाऊल टाकलं तेव्हा आत्यानं कपाळाला हात लावला होता.

"उंदीर? माझ्या घरात? अगं, आपण त्यांना घालवायला औषधं आणतो, आणि तू पिंजऱ्यासकट घेऊन आलीस?"

"उंदीर नाही आत्या. हॅमस्टर आहे."

"ते तू त्याला सांग. मला तोंडावरनं कळतंय."

पण त्याच संध्याकाळी तिनं त्याला शेंगदाणे घातले. त्यानं एक खाल्ला नाही. एकेक करून सगळे गालांत भरले, भरतच गेला, शेवटी तोंड अंगापेक्षा रुंद झालं. मग कोपऱ्यात जाऊन त्यानं ते भुशाखाली लपवले आणि रिकाम्या गालांनी पुन्हा आत्यासमोर येऊन उभा राहिला. आत्या खुर्ची ओढून बसलीच.

"कार्यालयात पहिल्या पंक्तीला बसलेला वरबाप गं हा अगदी," ती म्हणाली. "एवढ्या ऐटीच्या माणसाला अरेतुरे कसं करायचं? गोविंदराव म्हणायचं याला."

वरबापांची तिला चांगली माहिती होती. आमची प्रमिलाआत्या वधूवर सूचक केंद्र चालवायची. खणभागातल्या तिच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली म्हणजेच केंद्र. दारावर हिरव्या रंगात पाटी होती, "टेंबे वधूवर सूचक केंद्र", आणि खाली जरा लहान अक्षरांत, "एकटं कुणी राहू नये". हे वाक्य तिनं स्वतः सुचवलेलं. सांगली-मिरजेतल्या कितीतरी घरांत तिनं सुना पोचवल्या होत्या. गल्लीतली सगळी तिला आत्याच म्हणायची.

तिचं स्वतःचं मात्र लग्न झालेलं नव्हतं. त्याचं कारण बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं. वसंतरावांचा फोटो. कुरळ्या केसांचा, जरा कान पुढे आलेला एक तरुण, आणि त्यावर चंदनाचा हार. तरुणपणी आत्या बेळगावला टेलिफोन खात्यात नोकरीला होती. तिथं तिचं वसंतरावांशी ठरलं होतं, आणि लग्नाआधीच ते तापानं गेले. आत्यानं पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. केंद्रात येणाऱ्या बायका फोटोकडे बघायच्या, आत्याकडे बघायच्या, आणि त्यांचा आवाज आपोआप हळू व्हायचा.

आत्याच्या कामात एकच गोष्ट मला कळायची नाही. कधीकधी ती चांगलं स्थळ हातचं घालवायची. एकदा तासगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी दिसायला छान, शिकलेली, घरचं बरं. बाप बोलत होता आणि ती आपली गोविंदरावांच्या पिंजऱ्याकडे बघत बसली होती. आत्या तिला म्हणाली, "चल गं, चहाला हात लाव जरा." दोघी आत गेल्या, चहा घेऊन बाहेर आल्या, आणि आत्यानं पत्रिका न उघडता बापाला सांगून टाकलं, "एवढ्यात योग नाही हो. तीनचार वर्षं थांबा. शिकू दे तिला पुढं." मी नंतर विचारलं तर म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं? पेढा खा."

माझं शेवटचं वर्ष संपलं आणि हैदराबादच्या एका औषध कंपनीत मला नोकरी लागली. आम्ही पेढे वाटले. आत्यानं कौतुकानं माझी अलाबला घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी कल्याणहून बाबांचा फोन आला.

बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. बरेच धाकटे. आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांना आत्यानंच शिकवलं होतं, त्यामुळे तिच्याविषयी त्यांच्या मनात माया होती आणि त्या मायेला हट्टाची धार होती. मी फोनजवळच बसले होते. त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"ताई, केतकी होती तोवर मी गप्प बसलो. आता ती निघाली. तू काही तिथं राहायचं नाहीस. रविवारी गाडी घेऊन येतो."

"अरे दिगू, माझं केंद्र आहे इथं..."

"केंद्र कल्याणला काढ. लोक तिथंही लग्न करतात. शुभानं तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय. या वयात एकटी कशी राहणार तू?"

"राहीन की. काय होतंय?"

"तुझ्याच पाटीवर लिहिलंयस ना ताई? एकटं कुणी राहू नये. दुसऱ्यांना सांगतीस, मग स्वतःला का नाही?"

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. भल्याभल्या वरबापांना गप्प करणारी बाई, तिला उत्तर सापडलं नाही. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती घरात फिरायची तेव्हा वस्तूंना हात लावत फिरायची. भिंतीला, ओट्याला, खिडकीच्या गजांना. बाल्कनीतली कुंडी शेजारी देऊन आली आणि संध्याकाळी परत घेऊन आली. मला कळत होतं की तिला जायचं नाही. पण का नाही जायचं, हे ती सांगत नव्हती, आणि शुभा म्हणजे माझी आई तिला काही त्रास देणारी नव्हती, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "आत्या, बाबांना सांग ना स्पष्ट." तर म्हणाली, "काय सांगू? कारण काय सांगू?" आणि पिंजऱ्यासमोर जाऊन बसली.

तिथं बसल्या बसल्या तिच्या डोक्यात ते लग्न आलं.

"गोविंदरावांचं काय करायचं?" तिनं विचारलं. "तू हैदराबादला. मी कल्याणला. तिथं याच्याशी बोलायला कुणाला वेळ आहे? कोपऱ्यात पडून राहील बिचारा एकटा. नाही. जाण्याआधी याचे दोनाचे चार हात करून द्यायचे."

"त्याला आधीच चार आहेत."

"चेष्टा करू नकोस. माझ्या हातून होणारं हे शेवटचं स्थळ आहे."

फोन आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला होता. आम्ही दोघी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. तिथं काचेच्या पेट्यांच्या मागं पांढरे उंदीर, पोपट, असलं सगळं असायचं. दुकानदारानं एक मादी दाखवली, गोविंदरावांपेक्षा अंगानं थोराड, डोळे काळेभोर.

"जोडीनंच ठेवा हो. जोडीनं खूश राहतात," तो म्हणाला.

आत्यानं मादीला खालीवर न्याहाळलं. "रंग उजळ आहे. नाकीडोळी नीटस. स्वभावानं कशी आहे?"

दुकानदार बुचकळ्यात पडला. "गरीब आहे."

"सगळे असंच सांगतात," आत्या म्हणाली, पण मुलगी पसंत केली. रिक्षातच तिचं नाव इंदुमती ठेवून झालं. घरी आल्यावर आत्यानं मला गोविंदरावांची माहिती सांगायला लावली आणि मोठ्यानं इंदुमतीला ऐकवली. वर्ण गव्हाळ. व्यसन नाही. स्वतःचं घर आहे. घरात चाक आहे. साठवण्याची सवय आहे, उधळ्या नाही.

तर अशा तऱ्हेनं त्या शनिवारी दिवेलागणीला आम्ही लग्न लावलं. आत्यानं शेवटचं "सावधान" म्हटलं, मी रुमाल बाजूला केला, आत्यानं दोन्ही पिंजऱ्यांची दारं उघडली आणि अक्षता टाकल्या. गोविंदरावांनी त्यातले दोन दाणे गालात घातले. इंदुमती दारातून आत आली. थांबली. नाक हलवलं.

"लाजतीय," आत्या कुजबुजली.

इंदुमती लाजत नव्हती. पुढच्या क्षणी असा काही किंचाळण्याचा आवाज आला की मी मागं सरकले. एवढ्याशा जीवांत एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. दोघं एकमेकांना चिकटून गोल फिरत होते, भुसा उडत होता, गालांतले शेंगदाणे बाहेर पडत होते. आत्या "अगं अगं, इंदू, असं नाही करायचं" म्हणत राहिली. मग भुशावर रक्त दिसलं. आत्यानं ओट्यावरचं उलथनं आणलं, दोघांच्या मध्ये घातलं आणि दुसरा हात सरळ आत घालून गोविंदरावांना उचललं. उचलताना इंदुमतीनं तिच्याही बोटाला कडकडून चावा घेतला.

गोविंदरावांचा एक कान फाटला होता आणि डोळ्याजवळ खोल जखम होती. ते आत्याच्या हातात थरथरत होते. आत्यानं त्यांना त्या ठेवणीतल्या इरकलाच्या पदरात गुंडाळलं.

"रिक्षा बघ," ती म्हणाली. "केतकी, मेला तर गं? मी मारला याला. चांगला राहत होता आपला."

डॉक्टर मुल्ला गुरांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याच्या अंगणात एक म्हैस बांधलेली होती आणि ते हात धूत होते. आत्याच्या पदरावरचं रक्त बघून ते धावतच आले.

"काय झालं आत्या? कुणाला लागलं?"

"गोविंदरावांना."

डॉक्टरांनी आमच्या मागं रिक्षात डोकावून पाहिलं. "कुठायत ते?"

आत्यानं पदर उघडला. डॉक्टर हसले नाहीत, हे मी त्यांचं आजही मानते. त्यांनी चष्मा लावला, दिवा जवळ ओढला, जखम धुतली आणि औषध लावलं. डोळा वाचला होता. कान तेवढा कायमचा कातरलेला राहणार होता.

"दुसरा कुणी होता का पिंजऱ्यात?" त्यांनी विचारलं.

"बायको," आत्या म्हणाली. "आजच लग्न लावलं."

"अरारा." डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. "आत्या, तुम्ही माणसांची लावता ती पुष्कळ झाली की. ही जात निराळी आहे. लहान असतात तोवर आईजवळ राहतात, भावंडांत राहतात. वयात आली की ज्याचं त्याचं बीळ वेगळं. दुसरा दिसला की जिवावर उठतात. एका पिंजऱ्यात ठेवलंत तर सकाळी एकच उरतो."

"पण मग यांना करमतं कसं? झुरत असतील की."

"कशाला झुरतात? खातात, पळतात, साठवतात, झोपतात. एकटे असले की मजेत असतात. आपणच उगीच वाईट वाटून घेतो."

आत्या गोविंदरावांकडे वाकली. तिचं बोट मी कापसानं धरून ठेवलं होतं.

"म्हणजे हा आजार नव्हे?" तिनं विचारलं.

"नव्हे."

"काही कमीबिमी असतं का यांच्यात? कुठं काही बिघडलेलं?"

"आत्या, बिघडायचं काय त्यात? असतातच तशी ती. अल्लानं केलीयत तशी." त्यांनी गोविंदरावांना तिच्या ओंजळीत ठेवलं. "घेऊन जावा घरी. दोघांना दोन खोल्यांत ठेवा. बोट दाखवा इकडं, तुम्हालाही इंजेक्शन लागणार. ते मात्र माझ्याकडं नाही, शेजारच्या दवाखान्यात."

घरी आल्यावर आत्यानं इंदुमतीचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवला आणि गोविंदरावांचा बाहेर, वसंतरावांच्या फोटोखाली. साडी बदलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि एकटक बघत राहिली. बऱ्याच वेळानं गोविंदराव भुशातून बाहेर आले. एक डोळा सुजलेला. त्यांनी एक शेंगदाणा उचलून गालात घातला, जरा विचार केला, आणि चाकावर चढून पळायला लागले.

आत्या हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांना पदर लावून. मी घाबरले.

"आत्या, काय झालं?"

"काही नाही गं. पळतोय बघ कसा! काही कमी नाही म्हणे त्याच्यात." तिनं फोटोकडे बघितलं आणि पुन्हा हसू फुटलं. "दिगू येऊ दे उद्या. तू झोप जा."

बाबा सकाळी आले ते मित्राची मोठी गाडी, रिकामी खोकी आणि सुतळीचा गुंडा घेऊनच. आत्याला वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि स्टूल भिंतीशी ओढलं.

"आधी वसंतरावांना काढतो. काच सांभाळून न्यायला हवी. हे बघ, नवा हार आणलाय कल्याणला लावायला." स्टुलावर चढण्याआधी त्यांनी फोटोला हात जोडले, डोळे मिटले. ते नेहमीच असं करायचे. आत्याच्या घरी आले की आधी फोटो, मग चहा, पण त्या दिवशी घाईत उलटं झालं होतं, म्हणून जरा जास्त वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "आणि हा काय? दोन झालेत म्हणालीस ना परवा फोनवर? दुसरा कुठाय?"

"स्वयंपाकघरात," आत्या म्हणाली. "भांडतात. वेगळे ठेवलेत."

"लागेल सवय. एका घरात राहिलं की लागते."

"सवय लागता लागता कान गेला त्याचा."

बाबा स्टुलावर चढले. "ताई, तू आता उंदरांची उदाहरणं देऊ नकोस हं. शुभा तुला एका शब्दानं बोलायची नाही."

"शुभा सोन्यासारखी आहे. बोलणार नाही, म्हणून तर भीती. दिगू, खाली उतर."

"एवढा हुक निघू दे..."

"आधी उतर. मी सांगणार आहे ते वर उभं राहून ऐकलंस तर पडशील."

बाबा उतरले. फोटो तिथंच राहिला. आत्यानं पदर खांद्यावरून घेतला, जसा ती मुलीकडच्यांना काही कठीण सांगायचं असलं की घ्यायची.

"त्या फोटोतला माणूस कोण आहे ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. आईनं बेळगावला पत्रांवर पत्रं पाठवली, स्थळांना दाखवायला फोटो काढून पाठव म्हणून. मी स्टुडिओत गेले. तिथं काउंटरवर हा पडला होता. न्यायला कुणी आलंच नाही म्हणे. मी मागितला, स्टुडिओवाल्यानं दिला. घरी येऊन सांगितलं, ठरलं होतं आणि गेला."

बाबा खाली बसले, स्टुलावरच.

"वसंतराव...?"

"नावही मीच ठेवलं. त्या वेळी माझ्या ओळखीत वसंत कुणी नव्हता."

"ताई," बाबा म्हणाले, "मग मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना मी कुणाच्या पाया पडलो?"

"पास झालास ना?"

मी तोंडावर हात दाबला. बाबांचे डोळे भरले होते, पण ते रागावले होते की आणखी काही, कळत नव्हतं. "पण का? सरळ सांगायचं, लग्न करायचं नाही म्हणून!"

"सांगितलं होतं की. आईला सांगितलं, मला नको. तिनं माझी दृष्ट काढली. परत सांगितलं, तर वैद्याकडं नेलं. मग देवऋषी झाला. नको म्हणजे नको, हे कुणाला कळेचना रे. कुणी फसवलं का, कुठं दुखतंय का, एवढंच विचारायचे. मला काहीच झालं नव्हतं. मला एकटीला बरं वाटायचं. हे कसं सांगायचं? पण हा मेला म्हटल्यावर," तिनं फोटोकडे बोट केलं, "सगळ्यांना एका झटक्यात कळलं. आई रडली, जवळ घेतलं, पुन्हा स्थळ आणलं नाही. तिनंच तो मढवून आणला, तिनंच हार घातला. मग मी काढणार कसा? वाईट वाटतं ते त्या माणसाचंच. असेल कुठंतरी नातवंडं खेळवत, आणि इथं आपण त्याला हार घालतोय."

"आणि ही पाटी? हे केंद्र?"

"ज्यांना हवं असतं त्यांना मिळायला नको? मला गोड आवडत नाही म्हणून मी पेढ्याचं दुकान जाळू का?" पुढचं बोलताना तिचा आवाज हळू झाला. "पण तू फोनवर ते वाक्य म्हणालास ना, तेव्हा मला उत्तर देता येईना. कारण मलाही आतून वाटत आलं, दिगू. आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. सगळ्या जगाला जे हवं असतं ते आपल्याला नको वाटतं, म्हणजे कुठंतरी काहीतरी कमी आहे. आयुष्यभर वाटत आलं. काल त्या मुल्ला डॉक्टरांनी सांगितलं, आजार नव्हे. हे ऐकायला मला गुरांच्या दवाखान्यात जावं लागलं बघ."

बाबांनी सुतळीचा गुंडा रिकाम्या खोक्यात टाकला.

"मी सुखी आहे रे. सकाळी उठून माझ्या मापाचा चहा करते. लोक येतात, बसतात, जातात. येतात तेही आवडतं, आणि जातात ते तर फारच आवडतं. हे घर सोडून मला नेऊ नकोस."

"आणि पडलीबिडलीस तर?"

"फोन करीन. टेलिफोन खात्यात नोकरी केलीय मी."

बाबा उठून बाल्कनीत गेले. मी मागं जायला लागले तर आत्यानं हात धरला. "जाऊ दे. त्याचा मेव्हणा गेलाय. आज खरा."

आत्यानं थालीपिठं लावली. पहिलं तव्यावरून उतरलं तेव्हा बाबा आपणहून आत आले आणि लोण्याचा गोळा पुढे ओढून जेवायला बसले. जेवताना मधेच म्हणाले, "कान पुढे आलेत त्याचे. मला नेहमी वाटायचं, ताईनं यात काय बघितलं." आत्याला ठसका लागला.

एकही खोकं न भरता बाबा निघाले. चपला घातल्या, वळले, आणि सवयीनं फोटोकडे बघून त्यांचे हात जोडले गेले. ते तसेच थांबले. मग चपला काढून आत आले, स्टुलावर चढले आणि चंदनाचा हार फोटोवरून काढला.

"जिथं असतील तिथं सुखी असू देत," ते म्हणाले. हार त्यांनी खिशात घातला. मग स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "दोन खोल्यांत दोघांना ठेवणार, तर तू कुठं राहणार?"

"तोच विचार करतेय."

अशा रीतीनं आत्याला न्यायला आलेले बाबा इंदुमतीला घेऊन गेले. मागच्या सीटवर, जिथं आत्या बसायची होती तिथं, उशीचा टेकू देऊन त्यांनी पिंजरा ठेवला आणि सुतळीनं बांधला. कल्याणला आईनं दार उघडून आधी काय म्हटलं असेल, याची कल्पना करून आम्ही दोघी दिवसभर हसत होतो.

निवांतपणी मी आत्याला विचारलं, "तासगावची ती मुलगी?"

"चहा गाळताना तिनं मला विचारलं, तुमच्या घरात आणखी कोण कोण असतं? मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटी. तर असा चेहरा उजळला गं तिचा! म्हटलं, ही आपल्यातली."

मी हैदराबादला निघाले तेव्हा मी रडले, आत्या रडली नाही. तिनं डब्यात लाडू दिले, माझा मुका घेतला, फाटक्या कानाच्या गोविंदरावांना माझ्याकडून टाटा करवलं. मी जिना उतरत होते तेवढ्यात वरून आतली कडी लावल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचं गुणगुणणं. तेव्हा मला त्या आवाजाचं थोडं वाईट वाटलं होतं.

पुढं काही वर्षांनी, एकामागून एक स्थळं येऊन गेल्यावर, मी कल्याणला बाबांसमोर बसले आणि सांगितलं की मला लग्न करायचं नाही. कुणी फसवलेलं नाही, कुठं दुखत नाही, नकोच आहे. आई दाराशी उभी होती. बाबांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"इंदुमतीसारखं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

हैदराबादला माझं छोटं घर आहे. संध्याकाळी कामावरून येते, आतून कडी लावते आणि माझ्या मापाचा चहा करते. भिंतीवर कुणाचाच फोटो नाही. मला लावावा लागला नाही.